कॉर्पोरल डोनलच्या गाडीचं ॲव्हरेज

रिटायर झाल्यावर माझं शेवटचं पोस्टिंग आयर्लंडला झालं. ऑर्डर लेकीची. "आई गेल्यापासून साताऱ्यात एकटे राहताय, ते काही चालायचं नाही. इकडे या." केतकी लिमरिकच्या हॉस्पिटलात नर्स आहे. जावई अमोलराव सॉफ्टवेअरमध्ये, काम घरूनच. घर शहरापासून पंचेचाळीस किलोमीटरवर, टेकडीच्या पलीकडे. त्या रस्त्यावर दोनच घरं. एक आमचं, एक डोनलचं.

मी सैन्यात ट्रान्सपोर्ट बटालियनला होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. डोनलही फौजी निघाला. आयरिश सैन्यात कॉर्पोरल, ड्रायव्हर, शांतिसेनेतून लेबनॉनला जाऊन आलेला. मीही तिथं एक टर्म काढली होती. वर्षं वेगळी, पण रस्ते तेच. मग काय विचारता! पहिल्या चहालाच जमलं. तो मला सार्जंट-मेजर म्हणायचा, मी त्याला कॉर्पोरल.

त्याच्याकडे साठच्या दशकातली एक हिरवी सलून मोटार होती. लोक अशा गाड्या झाकून ठेवतात, रविवारी मिरवतात. डोनल ती रोज चालवायचा. दूध आणायला, चर्चला, पत्ते खेळायला. मी पहिल्याच दिवशी आपल्याकडचा प्रश्न टाकला. "ॲव्हरेज किती देते?" तो खो खो हसत सुटला. इथं लोक जुन्या गाडीचं साल विचारतात, रंग ओरिजिनल आहे का विचारतात. हे कोणी विचारत नाही. "शी ड्रिंक्स, सार्जंट-मेजर," तो म्हणाला. "माझ्यासारखीच."

मला ते बघवेना. आमच्याकडे प्रत्येक गाडीची केपीएल टेस्ट व्हायची, म्हणजे लिटरला किती किलोमीटर. आकडा कमी आला की ड्रायव्हरची खैर नसे. मी कार्ब्युरेटर खोलला, प्लग साफ केले, टायरांत हवा भरली. लिटरला आठ देणारी गाडी नऊ-दहावर आली. डोनल म्हणाला, "ग्रँड." आणि दुसऱ्याच दिवशी चोक, म्हणजे जादा पेट्रोल सोडणारा खटका, पूर्ण ओढून गाडी दारात गुरगुरत ठेवली आणि स्वतः आत जाऊन टोस्ट खात बसला. "अरे बाबा, तुझ्या विहिरीला पेट्रोल लागलंय का?" मी मराठीत ओरडलो. त्याला बरोबर समजलं. खिडकीतून त्यानं टोस्ट हलवून दाखवला.

त्या हिवाळ्यात मोठं वादळ झालं. वीज गेली, मागोमाग मोबाईलही गेले. केतकी ड्युटीवर होती, तिकडेच अडकली. अमोलरावांची इलेक्ट्रिक गाडी दारात उभी, बॅटरी संपलेली, चार्ज कुठून करणार? गावातला पेट्रोल पंप बंद, कारण पंपालाही वीजच लागते. चालू होती ती फक्त डोनलची म्हातारी गाडी. दोन दिवस त्यानं ती दामटली. आडबाजूच्या घरांमधल्या एकट्या म्हाताऱ्यांना ब्रेड पोचव, औषधं पोचव, गॅसचं सिलिंडर पोचव.

"कॉर्पोरल, रिझर्व्ह ठेव," मी बजावलं.

"रिझर्व्ह कशासाठी असतं?" तो म्हणाला. "अशा दिवसांसाठीच ना."

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो आमच्या दारात आला. चेहरा राखेसारखा, शर्ट घामानं भिजलेला, हात छातीवर. "उगाच गडबड करू नका," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला.

अमोलराव फोन उंच धरून अंगणभर धावले. "बाबा, एक काडीसुद्धा सिग्नल नाही. ॲम्ब्युलन्सला कळवायचं कसं?"

"कळवायचं नाही. आपणच न्यायचं."

गाडीचा पेट्रोलचा काटा कधीच मेला होता. मी टाकीत काठी बुडवली. जेमतेम टोक ओलं झालं. चार लिटर असेल, फार तर. रस्ता पंचेचाळीस किलोमीटर, मध्ये टेकडी. नेहमीसारखी चालवली तर लिमरिकच्या अलीकडे बंद पडणार, यात शंका नव्हती. गवत कापायच्या मशीनमध्ये थोडं असायचं. तेही डोनलनं आदल्या दिवशी गाडीत ओतलं होतं.

मी स्टिअरिंगवर बसलो. डोनल मागे, डोकं अमोलरावांच्या मांडीवर. चोक लगेच आत ढकलला. टॉप गिअर, ताशी चाळीस, पाय ॲक्सिलरेटरवर अंडं ठेवल्यासारखा.

"बाबा, दाबा ना!"

"नाही."

"त्यांचे ओठ निळे पडताहेत हो!"

"दाबली तर मध्येच बंद पडेल. तिथं कोण येणार आहे? त्याच्याशी बोलत राहा."

वाटेत एकही मोटार भेटली नाही. एका ठिकाणी झाड आडवं होतं, ते कडेच्या गवतातून चुकवलं. टेकडीच्या माथ्यावर पोचलो आणि मी इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलला टाकली. उतारावर न्यूट्रल मारणाऱ्या ड्रायव्हरांना मी डोक्यावर रायफल धरून ग्राउंड पळायला लावलेलं आहे. ब्रेक तापतात, लागत नाहीत, माणसं दरीत जातात. त्या सकाळी मी तेच केलं. जुन्या गाडीला स्टिअरिंग लॉक नसतं, म्हणून तरी जमलं. इंजिनचा आवाज थांबला. टायर, वारा आणि डोनलचा श्वास, एवढंच ऐकू येत होतं.

"सार्जंट-मेजर," तो मागून म्हणाला. "आता ॲव्हरेज किती?"

"आता थेंबसुद्धा पीत नाही, कॉर्पोरल."

"चला, सुधारली," तो म्हणाला. हसायला गेला, कळ आली. त्यानंतर तो बोलला नाही.

मी घाबरलो होतो. सरळ सांगतो. कॉन्वॉयवर दरड कोसळली तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. तिथं वर हुकूम देणारं कोणीतरी होतं. इथं हुकूम माझाच, आणि तो बरोबर की चूक हे सांगायला कोणी नव्हतं.

उतार संपल्यावर इंजिन पुन्हा चालू केलं. लिमरिक पंधरा किलोमीटर राहिलं होतं. एक वळण घेतलं आणि अमोलराव ओरडले, "पंप! बाबा, दिवे चालू आहेत!"

त्या गावात वीज आली होती. पंप चालू होता. लोक कॉफीचे कप घेऊन रांगेत उभे होते. आम्हाला हे कळायला काही मार्गच नव्हता, दोन दिवस कसलीही बातमी आमच्यापर्यंत पोचली नव्हती. पण या पंपापर्यंत मी गाडी कशीही हाणली असती तरी पेट्रोल पुरलं असतं. निम्म्या वेळात आलो असतो.

मी थांबलो नाही. उरलेलं पेट्रोल आता हॉस्पिटलपर्यंत पुरणार होतं. पाय तळापर्यंत दाबला. गाडी थरथरली, धूर ओकली, पण पळाली.

"अमोलराव, श्वास?"

"आहे."

गाव मागे पडलं. "श्वास?"

"आहे. हळू आहे."

शहराच्या पहिल्या चौकात पुन्हा विचारलं. "श्वास?"

उत्तर आलं नाही. मी मागे बघितलं नाही. गाडी तशीच हाणली.

इमर्जन्सीच्या दारातच त्याला स्ट्रेचरवर घेतलं. डॉक्टरांनी शर्थ केली. शेवटी केतकी बाहेर आली. तिचा चेहरा बघूनच मला कळलं.

"किती उशीर झाला?" मी विचारलं.

"बाबा, असं नाही हो सांगता येत."

अमोलराव आजतागायत त्या पंपाबद्दल अवाक्षर बोललेले नाहीत. सकाळी माझ्यासमोर चहा ठेवतात, साखर बरोबर आहे ना विचारतात. एकदा भांडले असते तर बरं झालं असतं. दाबली असती आणि पंप बंद असता तर? टेकडीपलीकडे बंद पडलो असतो तर? माझं उत्तर तयार आहे. पण ते मागणार कोण?

अंत्यविधीला डोनलचे जुने साथीदार आले होते, शांतिसेनेच्या निळ्या टोप्या घालून. मी कोटावर मेडलं लावली. शवपेटी उचलताना खांदेकऱ्यांच्या जोड्या उंचीनं लावतात. त्यांनी माझ्या उंचीचा जोडीदार शोधला आणि मला म्हणाले, तुम्हीही या. मी खांदा दिला. पलीकडच्या म्हाताऱ्यानं इथल्या रिवाजाप्रमाणे माझ्या खांद्यावर हात टाकून मला घट्ट धरलं. तो रडत होता. मीही रडलो.

मग पेटी शवगाडीत ठेवली. चर्चपासून स्मशानापर्यंत गाडी माणसाच्या चालीनं न्यायची, सगळ्यांनी मागून चालायचं, अशी इथली पद्धत. गाडी निघाली. कॉर्पोरल डोनल, ड्रायव्हर, पुन्हा मागे आडवा होऊन, या वेळी निवांत, चालला होता. उभ्या नोकरीत माझं पाऊल कधी चुकलं नाही. त्या दिवशी मात्र पाय रांग सोडून पुढे धावत होते. पुढच्या त्या गाडीवाल्याला बेंबीच्या देठापासून ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाब रे बाबा, दाब.