आषाढातला वारा आणि तीन नंबरची स्टिक

बेंगळूरात आषाढ लागला की पाऊस कमी आणि वारा जास्त. हेब्बाळच्या वाटेवरच्या आमच्या गॉल्फच्या मैदानावर तर साहेबांच्या टोप्या आधी जायच्या आणि चेंडू मागून. मी तिथे गवत कापायला होतो. सातवीत शाळा सोडून कोल्हापूरकडून आलेला, विशी ओलांडलेला. कोणी मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, झालं, काढलं आपल्याला.

गवताचं काम पावसाळ्यापुरतंच. पण त्या वर्षी खेळ शिकवणाऱ्या उस्तादांना हाताखाली कायमचा माणूस हवा होता. सेक्रेटरीसाहेब म्हणाले, आपल्या कामगारांतलाच घेऊ, फक्त त्याने भर वाऱ्यात खेळून दाखवायचं. ही जागा मिळाली नाही तर मला गावी परतावं लागणार होतं, आणि मला परतायचं नव्हतं.

सोमवारी मैदान साहेबांना बंद असे, तेव्हा आम्ही खेळायचो. माझा चेंडू उंच चढायचा आणि वारा तो उचलून मागे टाकायचा. बॅगा वाहणारे म्हणायचे, "ए पूना, तुझा चेंडू काही तुला सोडून जात नाही!" कोल्हापूर म्हणजे पुणं नव्हे, हे सांगून मी दमलो होतो.

शेवटी मुकादम अण्णांनी मला धरलं. ते पिढ्यान्‌पिढ्या इथलेच, मराठीत निम्मं कानडी. त्यांनी सिल्व्हर ओकच्या दोन झाडांना छातीच्या उंचीवर दोरी बांधली.

"हिच्या खालून काढ."

मी सगळं बळ लावलं. चेंडू दोरीवरून गेला.

"जोर कशाला रे? जोराने चेंडू गरगरतो, गरगरला की चढतो. स्वल्प हळू मार. चेंडू उजव्या पायाजवळ घे, हात पुढे ठेव, आणि मारल्यावर स्टिक कमरेपाशीच थांबव."

मग दर सोमवारी ती दोरी आणि मी. तळहात सोलले, चिंध्या बांधल्या, पुन्हा मारलं. दुपारी अक्का, म्हणजे अण्णांची बायको, मला मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी, वाढायची. परक्या गावात कोणी न विचारता ताट वाढतं, हे मी अजून विसरलेलो नाही.

परीक्षेसाठी सेक्रेटरीसाहेबांनी तळ्याकाठचा, आखूड अंतराचा होल निवडला. तेव्हा होलभोवती हिरवळ नसायची, तेल घालून दाबलेली वाळू असायची. एका फटक्यात चेंडू तिथवर पोचवायचा होता. माझ्याआधी बॅगवाल्यांतला सगळ्यांत चांगला खेळणारा उभा राहिला. त्याने चिमूटभर गवत हवेत सोडलं. ते सरळ खाली पडलं. त्याने सात नंबरची स्टिक घेऊन देखणा, उंच फटका मारला. चेंडू निलगिरींच्या शेंड्यांवर गेला, तिथे वाऱ्याने त्याला धरलं आणि अलीकडे, बाजूच्या तळ्याच्या चिखलात टाकलं.

मीही सवयीने गवताला वाकलो, साहेबांसाठी आम्ही सगळे तेच करायचो. आणि हात थांबला. आम्ही निलगिरींच्या आडोशाला उभे होतो, इथे गवत काय सांगणार? कुंपणापलीकडे पोरं पतंग उडवत होती. पतंग आमच्याच अंगावर झुकलेले आणि दोरे तट्ट ताणलेले, म्हणजे वर वारा समोरून होता. मी सात नंबर ठेवून तीन नंबर काढली. नंबर जितका लहान, तितका चेंडू खालून आणि लांब जातो.

"एवढ्याशा अंतराला तीन नंबर? पूना, कुंपणापार पाठवतोस काय?"

मी हळू मारलं. चेंडू सुतासारखा सरळ गेला, अलीकडेच टेकला आणि धावत वाळूवर चढला.

साहेबांनी पाहिलं. "तुक्का. दुसरा मार."

आता मात्र हात कापू लागले. पण पाय हलवायचे नाहीत, एवढं मी ठरवलं. चेंडू उजव्या पायाजवळ. हात पुढे. दुसराही धावत गेला आणि वाळूच्या कडेवर थांबला. साहेब चालत तिथवर गेले, वाकून बघून आले.

"उद्यापासून उस्तादांकडे ये."

अण्णा स्टिका पुसत होते. "हात थरथरत होते की तुझे."

"हो अण्णा."

"सरी, असू दे. चेंडूला नाही कळलं."