सूर्यमाळचे सोट आणि घासलेटचा धक्का

निघालो तेव्हा बंदरातला नवा धक्का फक्त माझ्या टेबलावरच्या कागदावर होता. मुंबईच्या बंदरात घासलेट आजवर डब्यांतून उतरायचं किंवा इथे डब्यांत भरून गावोगाव जायचं. आता ते आगबोटीच्या लोखंडी पोटातून सुटंच यायचं, नळाने टाक्यांत पडायचं आणि तिथून टाकीच्या गाड्यांनी देशभर जायचं होतं. अशा धक्क्याखाली पाण्यात रोवायला सागाचे लांब, सरळ सोट (खोडं) हवेत, आणि ते जव्हार संस्थानच्या रानात मिळतील असं कळल्यावर साहेबांनी मला धाडलं. मी जन्मभर दर्याकाठी राहिलेला. रान बघायला मिळणार म्हणून मनातून हरखलो होतो.

डहाणूपर्यंत रेल्वे आणि पुढे बैलगाडी. चढणीला मोहाच्या फुलांचा गोडसर वास असा भरून आला की बसल्याबसल्या डोळा लागला. जाग आली ती वेगळ्याच वासाने. कंदिलासाठी बरोबर घेतलेल्या घासलेटच्या डब्याचं बूच निघालं होतं आणि माझं अंथरूण चिंब झालं होतं. गाडीवान दुसरीकडे तोंड करून हसत होता. जव्हारला मी असा दरवळतच पोचलो. जंगल खात्याच्या कारकुनाने मात्र नाक न मुरडता चहा पाजला आणि झाडं पाहण्याचा परवाना हातात दिला.

मोखाड्यावरून खोडाळ्याला आलो. बाजारात देवजी नावाचा वाटाड्या मिळाला. भाताची आणि नागलीची (नाचणीची) शेती करणारा, कमी बोलणारा, पिकल्या मिशांचा माणूस. त्याच्याबरोबर मी रानोमाळ हिंडलो. फाल्गुनात साग उघडे पडलेले असतात. त्या उंच, निष्पर्ण खोडांमधून चालताना मला वाटायचं, मी माझ्या धक्क्याखालूनच चाललो आहे, फक्त समुद्र यायचा राहिला आहे. एकदा तर मी मोठ्याने भरती कधी म्हणून विचारलं. देवजीने माझ्याकडे काळजीने पाहिलं आणि सावलीत बसवलं.

सर्वांत सरळ सोट सूर्यमाळच्या बाजूला मिळाले. मुक्काम देवजीच्या लेकीकडे, जानीकडे. तिने नागलीची भाकर आणि उडदाची आमटी वाढली. भूक अशी लागली होती की मी लाज सोडून जेवलो. पाणी मात्र तिने अर्धा तांब्याच दिलं. झिरा (दगडातून पाझरणारं पाणी) खाली दरीत होता. तिची मातीची घागर त्या उतारावर घसरून फुटली होती. शेजारणीचा घासलेटचा रिकामा डबा मोकळा झाला की तो घेऊन ती उतरायची, आणि तोवर झिऱ्यातलं पाणी बायकांनी उपसलेलं असायचं. पुढे वैशाख होता.

देवजीने मजुरीऐवजी माझा डबा मागितला. मी तिथल्या तिथे हो म्हटलं. उरलंसुरलं घासलेट कंदिलात ओतलं, राहिलं ते शेजारी वाटलं. जानीने डबा राखेने घासला, कड ठोकून बसवली, वर आडवी काठी बांधली. मी उगाच दानशूर झाल्यासारखा ओट्यावर बसलो होतो.

मग देवजीने विचारलं, ही झाडं कशाला हवीत. मी खुलून गेलो. समुद्रात उभे राहणारे सोट, पोटात घासलेट भरलेल्या आगबोटी, नळ, टाक्या असं सगळं त्या बापलेकीसमोर उभं केलं. दोघं मन लावून ऐकत होती.

"मंग डबा कसा येल?" देवजीने विचारलं.

डबाच येणार नाही, मी म्हणालो. बोलून गेल्यावर मला माझंच बोलणं ऐकू आलं.

देवजी उठून दाराकडे गेला. मला वाटलं, आता हा उद्या झाडं दाखवणार नाही. आणि खरं सांगतो, त्याने ती दाखवू नयेत असंच मला त्या क्षणी वाटलं. जानी मात्र डब्यावरचा हात न काढता म्हणाली,

"धक्का व्हायला दोन-तीन वरसा जातील ना, साहेब? तवर आमच्या पाड्यात घरटी येक डबा व्हया पायजे."

दुसऱ्या दिवशी देवजीने उरलेली झाडं दाखवली. मी त्यांच्यावर खुणा केल्या. खाली दरीत धुकं भरलं होतं आणि त्यातून डोक्यावर डबा घेतलेली जानी हळूहळू वर येत होती. इतकं सुंदर दृश्य मी पाहिलं नव्हतं, आणि इतकं वाईटही मला कधी वाटलं नव्हतं.

धक्का थांबवणं माझ्या हातात नव्हतं. पण डहाणूला लाकूड उतरवून बैलगाड्या रिकाम्याच घाट चढतात, हे मी पाहिलं होतं. मुंबईला परतल्यावर मी दुकानादुकानांतून रिकामे डबे गोळा केले आणि ते रेल्वेने डहाणूला धाडून, सोट उतरवलेल्या बैलगाड्यांवर परतीला सूर्यमाळसाठी चढवू लागलो. कचेरीत माझी थट्टा झाली, ती मी होऊ दिली. एक सोट खाली यायचा, काही डबे वर जायचे. असं पुष्कळ दिवस चाललं.

शेवटचे सोट आले त्या दिवशी साहेबांनी पेढे वाटले. मी डहाणूला जाऊन माझ्या त्या पहिल्या गाडीवानाला भेटलो आणि विचारलं, सूर्यमाळला आता डब्यावाचून किती घरं राहिली.

"आर्धा पाडा ऱ्हायला," तो म्हणाला, आणि गाडी जुंपून घराकडे निघाला. लाकूड संपलं होतं. त्याला पुन्हा यायचं कारण उरलं नव्हतं.