करपलेल्या गुळाचं बिरडं

आमची पलटण मुंबईहून आगबोटीने कराचीला गेली आणि तिथून पुढे बोलन घाटाच्या माथ्यावर. काबूलच्या अमिराशी सरकारची लढाई चालू होती. आमच्या कंपनीचं काम एकच, खालून येणाऱ्या रसदीच्या उंटांची वाट राखायची. पहाटे बिगुल, मग परेड, मग पिकेट, म्हणजे कड्यावरच्या चौकीचा पहारा. परतल्यावर शिधा मिळे आणि ज्याने त्याने आपलं रांधायचं.

मी बाळकुमचा, बाप मिठागरावर राबणारा. माझ्या शेजारी चूल मांडायचा तो शिपाई सदू, कल्याणचा. त्याची जात वेगळी, माझी वेगळी, म्हणून चुली वेगळ्या. आमच्या बंदुका खांद्याला खांदा लावून उभ्या राहायच्या, पण चुलींमध्ये हातभर अंतर असायचंच. त्याच्या हातचं मी कधी खाल्लं नाही, माझ्या हातचं त्याने नाही. कृती सांगायला मात्र कोणाची ना नव्हती. तो आपल्या चुलीवरून सांगायचा आणि मी माझ्या चुलीवर करायचो. मी त्याला आमच्याकडची जवळ्याची चटणी शिकवली. जवळा नव्हताच. तो नुसती लसूण-मिरची भाजून भाकरीबरोबर खायचा आणि फक्कड झालीय म्हणायचा. असे आम्ही दोन खुळे.

घरी असताना आम्ही दोघेही कधी चुलीपाशी बसलो नव्हतो. बायकांनी वाढलं, आम्ही खाल्लं. रांधणं शिकलो ते पलटणीत, पोटाला चिमटा बसल्यावर.

सदूच्या आईने निघताना कडव्या वालांची थैली बांधून दिली होती. बिरड्याला वालांना मोड हवेत आणि तिथे पखालीतलं पाणी गोठत होतं. तेव्हा सदूने युक्ती काढली. भिजवलेले वाल फडक्यात बांधायचे आणि पुरचुंडी कोटाच्या आत पोटाशी धरायची. एक दिवस त्याच्या पोटाला, एक दिवस माझ्या. कच्च्या वालांना शिवाशिव लागत नव्हती. हवालदार आम्हाला लेकुरवाळे म्हणायचा.

मोड आले की सोलून अर्धे तो घ्यायचा, अर्धे मी. भांडण व्हायचं ते गुळावरून. सदू गूळ आधी फोडणीत टाकायचा आणि काळा होऊन धूर निघेपर्यंत थांबायचा.

“आमची आय त गूल सगल्यात शेवटी टाकते,” मी म्हणायचो.

“तुझी आई काय करते ते बाळकुमात. माझ्या आईचं असंच असतं.”

तो सांगेल तसं मी करायचो. कडसर लागायचं, पण त्याचा चेहरा बघून गप्प बसायचो. कल्याणला गेलो की तुला आईच्या हातचं खायला घालतो, एका ताटात जेवू, बघू कोण काय म्हणतं, असं तो म्हणायचा. मला त्या ताटाची आस लागली होती.

थैलीतले शेवटचे वाल भिजवले त्यानंतर आम्ही दोघे पिकेटवर होतो. पुरचुंडी सदूच्या पोटाशी होती. उंटांची रांग वळणावर आली आणि समोरच्या कड्यावरून गोळ्या सुटल्या. जमादार ओरडला, “उंट थांबवू नका. फायर!” आम्ही फायर चालू ठेवला. उंट पार झाले. मी वळून पाहिलं तर सदू दगडाला टेकून बसला होता आणि कोट छातीशी भिजला होता.

डोलीवाल्यांनी त्याला उचललं तेव्हा त्याने माझी बाही धरली.

“पुरचुंडी काढून घे. मोड मोडतील.”

 तो कॅम्पपर्यंत जिवंत पोहोचला नाही.

तिथे लाकूड मिळत नव्हतं. उंटांची मोडकी खोगिरं गोळा करून आम्ही त्याला अग्नी दिला. परतल्यावर मी माझी चूल पेटवली नाही. त्याच्या चुलीवर त्या पुरचुंडीतल्या वालांचं बिरडं केलं, गूळ करपवून. जमादाराने पाहिलं आणि पुढच्या चुलीकडे निघून गेला.

लढाई संपल्यावर मी आधी बाळकुमला नाही गेलो, कल्याणला गेलो. सदूची आई घरात एकटीच होती, त्याची बातमी तिला आधीच पोचली होती. मी सदूच्या पलटणीतला हे कळल्यावर तिने मला बसवलं आणि मी न मागताच तिने बिरडं केलं. गूळ शेवटी घातला, नारळ घातला. फार गोड चव होती, पण सदूचं बिरडं ते नव्हतं. माझा घास हातातच राहिला. मी तिला विचारलं, सदू करपवायचा तसा फोडणीत गूळ का नाही करपवला?

तिने हातातली पळी खाली ठेवली.

“तो पलटणीत निघाला त्या दिवशी पहिल्यांदा चुलीपाशी येऊन बसला. मला रडू आवरेना. गूळ फोडणीतच पडला आणि जळला. दुसरं करते म्हटलं तर ऐकेना. सगळं खाल्लंन.”

मग तिने उरलेले सोललेले वाल माझ्यापुढे सरकवले.

“तो करायचा तसं कर.”

“माझ्या हातचं चालेल तुम्हाला?”

“कर रे बाबा.”

मी तिच्या चुलीवर गूळ टाकला आणि धूर निघेपर्यंत थांबलो. तिने एकच ताट घेतलं आणि मलाही त्याच ताटाशी बसवलं.

“त्या दिवशी मी जेवलेच नव्हते,” ती म्हणाली आणि पहिला घास घेतला.