पाकोळ्यांच्या घरातली हवा

हर्षा गजभियेची नोकरी कशाची, हे ऐकून लोक आधी हसायचे. सिंगापूरच्या तुआस भागातल्या एका छोट्या कंपनीत ती इंजिनीअर होती आणि तिची बहुतेक गिऱ्हाइकं खाडीपलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये होती. ही गिऱ्हाइकं पाकोळ्या पाळायची. पिंजऱ्यात नव्हे. बिनखिडक्यांची सिमेंटची इमारत उभी करायची, छताला लाकडी फळ्या ठोकायच्या, आत गुहेसारखा काळोख आणि दमटपणा ठेवायचा आणि वाट बघत बसायचं. पाकोळ्या आल्या तर आपल्या मनाने येतात आणि फळ्यांवर लाळेची घरटी चिकटवतात. पिल्लं उडून गेली की घरटी उतरवून विकायची. चिनी लोक त्यांचं सूप करतात.

सगळं हवेवर अवलंबून. हवा कोरडी पडली तर घरटं तडकून सुटतं. फार ओली झाली तर फळ्यांना बुरशी लागते, आणि बुरशीच्या फळीवर पाकोळी टिकत नाही. मधली हवा राखणारे फवारे आणि पंखे हर्षाची कंपनी बनवायची. ते बसवणं आणि बिघडलेली घरं ताळ्यावर आणणं हे हर्षाचं काम.

हर्षा मूळची नागपूरची. बुकित पंजांगला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या वरच्या मजल्यावर ती, नवरा उज्ज्वल आणि मुलगी मैत्रेयी राहतात. कंपनीच्या व्हॅनमधून ती पूल ओलांडून जोहोरला जायची, आणि परतल्यावर कपडे दाराशीच बादलीत टाकायची. वास घरात नको म्हणून.

जोहोरमधल्या पोंतियानजवळ अंकल सेंग नावाच्या म्हाताऱ्याची तीन मजली इमारत होती. ती तो आणि त्याची बायको, आंटी म्वे, अशी दोघंच सांभाळायची. एका वर्षी उन्हाच्या धास्तीने अंकलने फवारे दिवसरात्र चालू ठेवले. हर्षा गेली तेव्हा भिंतींवरून पाणी ओघळत होतं आणि वरच्या मजल्यावरच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या. घरटी सुटून खाली आली होती आणि जमिनीवरच्या घाणीत पिल्लं पडली होती, काही अजून हलणारी. आंटी वाकून ती एकेक करून टोपलीत वेचत होती आणि मधूनमधून खोकत होती.

“फवारे एकदम बंद करू नका,” हर्षाने अंकलला सांगितलं. “हवा हळूहळू उतरवू. नाहीतर उरलेली घरटीही जातील.”

पुढचे काही महिने ती त्या घरासाठी झटली. जमिनीवर साचलेलं पाणी काढलं, हवा खेळती राहावी म्हणून झरोके पाडले, जिथे पिल्लं नव्हती तिथल्या फळ्या उतरवून उन्हात टाकल्या. अंधारात कुठली फळी आतून कुजते आहे ते वासावरून कळतं, म्हणून ती मास्क गळ्यात उतरवून हुंगत फिरायची. आंटीने तर कधी मास्क लावलाच नव्हता.

घर सावरू लागलं. हर्षा मात्र जोहोरहून आली की संध्याकाळी तापाने फणफणायची. दुसऱ्या दिवशी ताप उतरायचा, खोकला तेवढा राहायचा. पुढे एलआरटी स्टेशनच्या जिन्यात तिला दोनदा थांबावं लागू लागलं. मैत्रेयी वरून हाक मारायची, “मम्मी, come lah,” आणि हर्षा कठडा धरून हसल्यासारखं करायची.

क्लिनिकमध्ये सगळे फ्लूच म्हणत राहिले. शेवटी मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “तुमच्याकडे पक्षी आहेत का?” स्कॅन झाला. बुरशी, विष्ठा आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन फुप्फुसांना सूज आली होती, आणि काही भागावर कायमचे व्रण पडले होते.

“त्या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यावर हर्षा उज्ज्वलला म्हणाली, “आंटी तिथे पंधरा वर्षं आहे. मला तिचा खोकला ऐकू येत होता रे.”

तिने अंकलला फोन केला. अंकल म्हणाला, “म्हातारी माणसं खोकतातच.” तेव्हा शनिवारी उज्ज्वलला घेऊन ती स्वतः गेली. आत गेली नाही. रस्त्याकडेच्या कॉफीच्या दुकानात दोघांना बोलावून आपला स्कॅन टेबलावर ठेवला. अंकल स्कॅनकडे बघतच नव्हता. आंटीने तो उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, “दुखतं?”

“दुखत नाही. श्वास पुरत नाही.”

“हो,” आंटी म्हणाली. “तसंच.”

आंटीची तपासणी झाली, पण फार उशीर झाला होता. फुप्फुसं जवळजवळ दगडासारखी झाली होती. ऑक्सिजनची नळी लावून तिने चार महिने काढले आणि पावसाळी हवेत ती गेली. हर्षा अंत्यविधीला गेली तेव्हा अंकल तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. तो तिच्यावर रागावला होता की स्वतःवर, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यानंतर तिने कंपनीत मागणी केली की प्रत्येक गिऱ्हाइकाला या आजाराबद्दल सांगावं. तिचा मॅनेजर विवेक पुण्याचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“हर्षा, आपण यंत्रं विकतो. वैद्यकीय सल्ला देणं आपलं काम नाही. लोक घाबरतील.”

“घाबरायलाच हवंय त्यांनी.”

“तुम्ही ऑफिसात बसा. ड्रॉइंग्ज करा. नोकरी सांभाळा.”

ती ऑफिसात बसली, आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावू लागली. कोणी ऐकून घेतलं, कोणी मध्येच फोन ठेवला, एकाने थेट विवेककडे तक्रार केली. तिचा नोकरीचा पास संपत आला होता, तो कंपनीने पुढे नेला नाही.

आता ती उज्ज्वलच्या नोकरीवर मिळालेल्या डिपेंडंट पासवर राहते. फुप्फुसं आहेत त्याहून सुधारणार नाहीत. बाथरूमच्या कोपऱ्यात काळा ठिपका दिसला तरी उज्ज्वल तिला बाहेर पाठवून स्वतः घासतो. ती बाजारातून चालत येते तेव्हा खालच्या बाकावर टेकते, आणि मी पिशवी घेतली तर नको म्हणत नाही. पूर्वी म्हणायची.

अंकलने वरचा मजला बंद केला आणि घर पुतण्याला दिलं, असं तिला दुसऱ्या कोणाकडून कळलं. तिने फोन केलेल्यांपैकी बातू पहात गावच्या एका बाईने तेवढी तपासणी करून घेतली. व्रण पडायच्या आत आजार सापडला आणि तिने ते काम सोडलं. हे सांगताना हर्षाला धाप लागली. ती थांबली, श्वास घेतला आणि म्हणाली, “एकच. बाकीचे अजून आतच आहेत.”