भावजींच्या हाका

माझ्या चुलत दिराइतका लाज सोडलेला माणूस आमच्या अख्ख्या तालुक्यात झाला नाही. दारू नाही, पत्त्यांचा नाद नाही, कुणाचं वाकडं करणं नाही. फक्त बायकोला लाडानं हाका मारायचा, त्याही चारचौघांत. आमच्यात नवरा बायकोला 'अगं ए' म्हणतो, फारच जिव्हाळा असला तर 'पोराची आई'. याची बायको सकाळी 'साखरे', न्याहारीला 'मैने' आणि उन्हं कलली की 'माझ्या पाखरा'. माझे सासरे ओट्यावर बसलेले असोत की पाहुणे जेवत असोत, हा विहिरीवरून ओरडायचा, "मैने, टावेल आन गं!" सासरे मोठ्यानं खाकरायचे. याला वाटायचं म्हाताऱ्याला कफ झालाय. लगेच दुसरी हाक, "मैने, आबांना काढा पन ठेव!" माझी जाऊ पदर तोंडावर ओढून चुलीत शिरायची तेवढी राहायची. एकदा मी त्याला फैलावर घेतलं, "भावजी, बाईमानसाला मानसांत असं बोलत्यात का?" तर म्हणतो, "वैनी, म्हशीला तुमी 'बाय माझी' म्हनता, तवा न्हाई कुनी लाजत." म्हैस दूध देते, एवढंच मला सुचलं, तेच बोलले.

दुष्काळाच्या साली आम्ही सगळे पाझर तलावाच्या कामावर होतो. भर दुपारी सारं गाव माती वाहत असताना हा बांधावरून ओरडला, "साखरे, सावलीला बस जरा, तुझी पाटी मी नेतो!" झालं. दुसऱ्या दिवसापासून मुकादमासकट सगळे तिला साखरबाई म्हणायला लागले. तिनं पाटी आपटली, बोचकं बांधलं आणि श्रीरामपूरकडं माहेरी निघाली. मला म्हणाली, "अक्का, आता मी न्हाई यायची. यांच्या लाडापायी तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई."

दीर जेवेना. शेवटी मीच त्याला घेऊन तिला आणायला गेले. एसटीत बजावलं, "लाडाचं एक अक्षर काढलंत तर तुमालाच तिथं सोडून येईन." त्यानं ऐकलं, आणि नको इतकं ऐकलं. मेव्हण्याच्या अंगणात खांबासारखा उभा. 'अगं ए' त्याला जन्मात म्हणता आलं नाही आणि दुसरं म्हणायला मी बंदी घातलेली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, न्यायला आलाय का आमचं घर राखायला?" तरी गप्प. बोलला तरी बायको जाणार, नाही बोलला तरी जाणार. माझ्या हाताला त्याचं मानगूट धरायची खाज सुटली होती.

तेवढ्यात तीच दारात आली. "आता का दातखीळ बसली? बोलवायला आलाय तर बोलवा की."

तो पुढं गेला आणि इतकं हळू काहीतरी म्हणाला, की शेजारी उभी असून मला ऐकू आलं नाही. ती आत गेली आणि बोचकं घेऊनच बाहेर आली.

त्यानंतर गावानं त्याची हाक ऐकली नाही. काही सांगायचं झालं की हातातलं काम टाकून तिच्याजवळ जायचा. त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. परवा जाऊ माझ्याकडं मटकी निवडायला बसली होती. मी सरळ विचारलं, "त्या दिवशी अंगणात काय म्हनाले गं?"

"ते नगा इचारू, अक्का," ती म्हणाली. "तेवढं एकच कुनी ऐकलेलं न्हाई."

मटकी निवडत बसलो दोघी.