कुंकवाखालचं हत्यार

"आधी हातात निजू दे त्याला," असं म्हणायचे आणि काका डोळे मिटायचे. समोर ठेवलेलं हत्यार मग त्यांच्या डाव्या तळहातावर पडून राहायचं. आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावात दुपारी धुकं उतरलेलं, छपरावर भुरभुर चाललेली, आणि हा माणूस दुकानात बसून जागेपणी झोपलेला! मला घाई असायची. मी पोस्टमन, टपालाची थैली खांद्याला आणि सायकल उलटी टांगलेली.

"काका, झालं का?"

"आसते, आसते, फाक्तेर." आमच्याकडे पोस्टमनला फाक्तेर म्हणतात.

सायकल तर ते दुरुस्त करायचेच, पण त्यांचं नाव होतं ते जुनी हत्यारं ओळखण्यात. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे काहीतरी गंजकं सापडायचं. फ्रेंच की इंग्रजी, कशाचं, कुणाला ठाऊक! लोक माझ्याकडे द्यायचे, "काकांना दाखवा." टपालाबरोबर हे लोखंडही मीच वाहिलं म्हणा ना.

नुव्हेल फ्रांस गावच्या एका बाईंनी कडेला खाचा असलेली गोल चकती दिली होती. त्यांच्या घरी तिनं करंज्यांच्या कडा दाबत. काकांनी डोळे मिटले, मग नाकाशी नेली.

"वास तुपाचा हाय," ते म्हणाले, "पण धंदा तारांचा. चाकाच्या तारा ताणायची चावी ही." बाईंना निरोप सांगितला तर त्या म्हणाल्या, "असू दे, आमच्या करंज्या छान होतात." काका दिवसभर हसत होते.

सगळेच असे हसून घेत नसत. कांप दे मास्कचे एक म्हातारे गृहस्थ स्वतः बस बदलून आले. आजोबांची सायकल सगळ्या गावात पहिली होती, हा तिचा पाना, असं छाती फुगवून सांगत होते. काका म्हणाले, "शिवणयंत्राचा हाय." गृहस्थ चहासुद्धा न घेता गेले. मी चिडलो. एवढं खरं बोलायची काय गरज होती? म्हाताऱ्याचं मन राखलं असतं तर काय बिघडलं असतं?

"लोखंडाला खोटं बोलायला लावू नये रे," एवढंच म्हणाले.

आता गंमत बघा. जगाची हत्यारं ओळखणाऱ्या या माणसाच्या फळीवर, गणपतीच्या तसबिरीखाली, एक हत्यार होतं आणि ते काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. काकांना तर नव्हतंच. काका तीन वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. फोटो नाही, काही नाही, ही एवढी एक वस्तू. दर दसऱ्याला काका बाकीची हत्यारं धुऊनपुसून मांडायचे. याला मात्र धुवायचं नाही, तेलात कालवलेलं कुंकू वरून लावायचं. आईनं घालून दिलेली रीत. इतक्या वर्षांच्या कुंकवाचा असा थर बसला होता की आत लोखंड आहे हेच विसरायला व्हावं.

"बापूस बी सायकलवालाच," ते येईल त्याला सांगायचे. "त्याचंच हत्यार. माझ्या हातात कला आली ती कुठून?"

मग एका वर्षी सिक्लोन आलं आणि दुकानाचे पत्रे उडाले. दुसऱ्या दिवशी मी मदतीला गेलो. सगळं ओलं. गंज चढायच्या आत हत्यारं रॉकेलच्या डब्यात बुडवायची होती. काका मागे पत्रे शोधत होते, मी इकडे एकेक उचलून डब्यात टाकत होतो. आणि बघतो तर काय, रॉकेल हळूहळू लाल होत चाललंय. गणपतीखालच्या हत्यारावरचे कुंकवाचे थर सुटून वर येत होते, पसरत होते, विरत होते. मला कळेना हात घालावा की नाही. मी नुसता बघत उभा राहिलो.

"काका," मी म्हणालो, "माझ्या हातून घात झाला."

ते आले. डब्यात बघितलं. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी हात पुढे केला. "दे."

मी पुसून दिलं. टोकाला वाकलेली एक आकडी, दुसऱ्या टोकाला कडी. काकांनी ती तळहातावर ठेवली आणि डोळे मिटले. वर छप्पर नव्हतं. पांढरं आभाळ सरळ दुकानात आलं होतं.

"खेचराच्या खुरातली माती काढायची आकडी," ते म्हणाले. "बापूस सायकलवाला नव्हता. उसाच्या इस्टेटीच्या तबेल्यात होता."

मी घाईनं म्हणालो, "छे हो काका! साखळीतला चिखल काढायची असेल. सायकलचीच आहे!"

"फाक्तेर," ते डोळे न उघडता म्हणाले, "तिला खोटं बोलायला लावू नको."

तेवढ्यात त्यांचा अंगठा आकडीच्या कडेवरून सरकत एका जागी थांबला. तिथं लोखंड झिजून खोलगट झालं होतं. अंगठा त्यात अलगद बसला. डावा अंगठा.

"आयो," ते म्हणाले. "डावरा होता रे तो! शाळेत ह्या हातावर किती छड्या खाल्ल्या मी. कुणाचा हात हाय म्हणून कुणी सांगितलंच न्हाय." आणि रडले. मीही रडलो, लपवून काय करू?

पुढच्या दसऱ्याला त्यांनी आकडी पुसून सर्वांच्या पुढे मांडली. कुंकवाचं एकच बोट, तेही टोकाला. अंगठ्याची जागा कोरी ठेवली. आणि येईल त्याला सांगू लागले, "माझा बापूस खेचरं सांभाळायचा."

काका गेले त्याला आता काही वर्षं झाली. जाण्याआधी त्यांनी आकडी मला दिली. दर दसऱ्याला मी ती पुसतो, टोकाला बोट लावतो आणि डोळे मिटून हातात घेऊन बसतो. पण मी उजव्या हाताचा. माझ्या हातात ती निजत नाही.