न पिता खाली ठेवलेला कप

तुमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा कप कुठे ठेवलेला असतो?

लगेच उत्तर देऊ नका. आधी उठून बघून या. आमच्या नागपूरच्या घरी तो स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत असायचा. निळ्या फुलांचा, कान तुटलेला. त्याच स्वयंपाकघरात, गव्हाच्या कोठीवर, बाबांच्या चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. शाळेत जायच्या आधी मी त्या पत्रकांवरूनच वाचायला शिकले. स्वस्त गुलाबी कागद, बोटांना लागणारी शाई. त्यातल्या एकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, की गावातल्या चहाच्या टपरीवर काही लोकांसाठी वेगळी कपबशी ठेवतात, ती फोडा. मी त्या पत्रकांच्या घड्या घालायचे, शेजारी आई खिडकीतल्या कपात चहा ओतायची, आणि आई, बाबा, मी, आम्हा तिघांपैकी कुणालाही काही खटकायचं नाही.

हे सगळं मला ॲरिझोनाच्या वाळवंटात आठवलं. उशिरा आठवलं, म्हणून आधी स्वतःवरच चिडून हे लिहिते आहे.

मी चँडलरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत काम करते. इथल्या मराठी मंडळींनी मार्चमध्ये एक ट्रिप काढली. वाळवंटात एक रात्र, 'अस्सल बेदुइन आयुष्य', म्हणजे अरबी भटक्या टोळ्यांसारखं. जाहिरातीत काळे तंबू होते, उंट होता आणि मागे हात वर करून उभे असलेले ॲरिझोनाचे निवडुंग होते, जे अरबस्तानात कुणी कधी पाहिले नसतील. तंबूत फोन चार्ज करायची सोय होती. मी हसले, तरी नाव दिलं. आम्ही तेराजण होतो. सगळ्यांत मोठ्या काकू. चाळीस वर्षांपूर्वी इथे आलेल्या, आता निवृत्त झालेल्या डॉक्टर. मी या देशात उतरले तेव्हा त्यांनी मला दोन महिने स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. माझ्या डब्यात रोज पोळी-भाजी होती ती त्यांच्यामुळे. हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातंय.

डांबरी रस्ता संपतो तिथे गाड्या ठेवून कंपनीच्या व्हॅनमधून आत जायचं होतं. व्हॅनचा ड्रायव्हर मेक्सिकोतून आलेला, पन्नाशीचा, गप्प माणूस. त्याने आमच्या सगळ्या बॅगा उचलल्या. कॅम्पवर आमचं स्वागत करायला एक म्हातारा उभा होता. दक्षिण जॉर्डनमधला. तिथल्या तंबूत जन्मलेला, इथे येऊन पंचवीस वर्षं झालेली. त्या सगळ्या देखाव्यात अस्सल असा तो एकटाच होता. ड्रायव्हर सँडविच खायला व्हॅनमध्ये जाऊन बसणार, तेवढ्यात म्हाताऱ्याने त्याला हाक मारली आणि सतरंजीवर स्वतःच्या उजव्या हाताला बसवलं. त्याच्या पलीकडे काकू, मग मी.

सूर्य कलायला आला होता. म्हाताऱ्याने आमच्यासमोर कॉफीचे दाणे भाजले, पितळी खलात कुटले, वेलची घातली. कुटताना तो खलाच्या कडेवर ठेका धरत होता. हा आवाज ऐकला की कुणीही अनोळखी माणूस तंबूत येऊ शकतो, म्हणाला, विचारायची गरज नाही. मग त्याने रीत सांगितली. पहिला घोट यजमान घेतो. मग तोच छोटा, बिनकानाचा कप उजवीकडून फिरतो, सगळ्यांना तोच. पुरे झालं की कप हलवायचा. "आणि कुणी कप न पिता खाली ठेवला," तो म्हणाला, "तर त्या पाहुण्याचं काहीतरी मागणं आहे. मी ते पुरं करीन असा शब्द देईपर्यंत तो पिणार नाही. आमच्याकडे अशा कपावर खुनाची वैरं मिटली आहेत."

तो प्यायला. कप खळबळून धुतला, भरला, ड्रायव्हरला दिला. ड्रायव्हर प्यायला, त्याने कप हलवला. म्हाताऱ्याने पुन्हा धुतला, भरला, काकूंपुढे धरला.

काकूंनी तो दोन बोटांत धरला. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "अगं, तो ड्रायव्हर प्यायला ना यातून."

आणि कप खाली ठेवला.

मी त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहिला. इतका वेळ पाहुण्यांसाठी घातलेलं हसू गेलं. त्याने कॉफीचं भांडं बाजूला ठेवलं, हात छातीवर घेतला आणि इंग्रजीत म्हणाला, "बोला. माझ्या हातात असेल ते तुमचं."

काकू ओशाळल्या. "अहो, मागणं कसलं? मला फक्त वेगळा कप द्या. पेपर कप असेल तर बेस्ट."

त्याने छातीवरचा हात खाली घेतला. मग म्हणाला, "दिला."

पेपर कप व्हॅनमध्ये होते, पाण्याच्या कूलरपाशी. ते आणायला कोण उठलं असेल? ड्रायव्हरच उठला. आम्हा सगळ्यांसाठी चळत घेऊन आला आणि मग पुन्हा सतरंजीवर बसला नाही. काकूंनी पेपर कपातून एक घोट घेतला, "ईऽऽ! काढा आहे की कॉफी?" म्हणून तोंड वाकडं केलं आणि उरलेली वाळूत ओतली. मागणं पुरं करून घेतलं आणि तरी प्यायल्या नाहीत. त्या माणसाच्या रीतीत याला काय म्हणतात मला माहीत नाही. माझ्या भाषेत याला शब्द आहेत, ते इथे छापणार नाहीत.

आणि मी? मलाही पेपर कप मिळाला. मी गुपचूप त्यातून प्यायले. पत्रकांच्या घड्या घालणारी मुलगी! नंतर उंटाशेजारी उभी राहून फोटोसुद्धा काढून घेतला.

सकाळी नाश्त्याला माझ्या ऑफिसातला पुण्याचा एक मित्र फोनवर काहीतरी टाइप करत होता. म्हणाला, "कंपनीला कम्प्लेंट टाकतोय. सगळ्यांची नावं घालू ना?"

"कसली कम्प्लेंट?"

"एकच कप सगळ्यांना? हायजीनचा इश्यू आहे यार. कोविडमधून आपण काही शिकलो की नाही?"

"गेल्या डिसेंबरात सेडोनाच्या केबिनमध्ये तू आणि बाकीचे अकराजण एकाच हॉट टबमध्ये तीन तास बसला होतात," मी म्हणाले. "तेव्हा कोविड कुठे गेला होता?"

"ते आपले लोक होते."

"बघ, बोललास."

"तू ना, प्रत्येक गोष्टीत मोर्चा काढतेस." सगळे हसले.

मी काकूंकडे वळले. "काकू, तुम्ही कपाबद्दल बोलला नव्हतात. ड्रायव्हरबद्दल बोलला होतात. मी शेजारी होते."

काकूंनी टोस्ट खाली ठेवला. "मी चाळीस वर्षं पेशंट तपासले. मला नको शिकवूस. कुणाचंही उष्टं नको, एवढंच माझं म्हणणं होतं."

"मग म्हाताऱ्याचं उष्टं चाललं असतं. तुम्ही फक्त ड्रायव्हरचं नाव घेतलंत."

"पुरे आता," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, पण त्यांच्या घरच्या दोन महिन्यांच्या पोळ्या त्यात होत्या. मी गप्प बसले. मित्राने तेरा नावं टाकून तक्रार पाठवली. तेरावं माझं होतं. 'माझं काढ' एवढं म्हणायला किती वेळ लागतो? मी ते म्हणाले नाही.

आठवड्याने कंपनीचं उत्तर ग्रुपवर आलं. झाल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. यापुढे कॉफी स्वयंपाकघरातून, पेपर कपातच येईल. संबंधित कर्मचाऱ्याला पाहुण्यांच्या कामातून हलवलं आहे. खाली 'लाइक'च्या अंगठ्यांची रांग. "सुपर," मित्राने लिहिलं. काकूंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

शनिवारी मी एकटी ड्राइव्ह करत गेले. म्हातारा कॅम्पवर नव्हताच. डांबरी रस्ता संपतो तिथे, अंगात चमकदार पट्ट्यांचं जाकीट घालून, पाहुण्यांच्या गाड्या लावून घेत होता. मार्चचंच ऊन, पण उभं राहवत नव्हतं. मला त्याने ओळखलं.

"त्या बाईंचं मागणं मी पुरं केलं ना?" त्याने पहिलं हेच विचारलं. तक्रारीबद्दल नाही, नोकरीबद्दल नाही. "केलंत," मी म्हणाले. "मग त्या प्यायल्या का नाहीत?"

याला काय उत्तर द्यायचं? खिडकीतल्या कपापासून सुरुवात करावी लागली असती. मी केली. आमच्याकडे हजारो वर्षं कोण कुणाच्या भांड्याला शिवतं यावरून माणसं मोजली जातात, हे त्या गाड्यांच्या धुळीत उभं राहून त्याला सांगितलं. त्याने मध्ये दोन गाड्या लावल्या आणि परत येऊन ऐकलं. मग स्वतःच्या ट्रकमधून थर्मास आणि तोच बिनकानाचा कप काढला. आधी स्वतः प्यायला, मग मला दिला.

मी कप न पिता ट्रकच्या पायरीवर ठेवला.

त्याचा चेहरा पुन्हा तसाच झाला. "माग," म्हणाला.

"आम्हाला माफ करा."

"तू का माफी मागतेस, मुली?" तो म्हणाला. "तू तर काहीच बोलली नव्हतीस."

त्याला माझी समजूत घालायची होती. पण मला ते जिथे लागायचं तिथेच लागलं. मी प्यायले. कॉफी कडूच होती. घरी पोचल्यावर कंपनीला लिहिलं, की माझं नाव काढा, तो ड्रायव्हर ज्या कपातून प्यायला त्याच कपातून सगळ्यांनी पिणं हेच त्यांच्या जाहिरातीतलं 'अस्सल आयुष्य' होतं आणि म्हाताऱ्याने ते पाळलं, त्याला परत त्याच्या चुलीपाशी बसवा. उत्तर आलं की बाराजणांच्या तक्रारीसमोर एका व्यक्तीचं म्हणणं पुरेसं नाही. काकूंना फोन केला. त्यांनी उचलला नाही. नंतरच्या शुक्रवारी त्यांच्या दारात गेले, तर त्यांच्याकडे साफसफाईला येणाऱ्या बाई गॅरेजमध्ये उभ्या राहून पाणी पीत होत्या. पेपर कपातून. त्या घरात मी दोन महिने राहिले होते, दर शुक्रवारी हे पाहिलं असणार. मला एकदाही दिसलं नव्हतं.

तर आता मी माझा कप तुमच्यासमोर खाली ठेवते आहे. न पिता. त्या तक्रारीखाली अजून बारा नावं आहेत. त्यातलं एखादं तुमचं असेल, तर आजच कंपनीला लिहून ते काढून घ्या, म्हणजे तो म्हातारा गाड्यांच्या धुळीतून उठून पुन्हा कॉफी कुटायला बसेल. आणि तुमचं नाव त्यात नसेल, तर सुरुवातीला विचारलेल्या जागी जा. खिडकीत, सिंकखाली, गॅरेजमध्ये. तो कप बाहेर काढा, धुवा, आणि उद्या सकाळचा तुमचा पहिला चहा त्यातून प्या. बाई आल्या की त्यांना तुमचा कप द्या, आणि बसायला सांगा.